लांब्याच्या नावाची सव्वा मूठ

दाराच्या चौकटीला वरून गोणपाट ठोकलेलं घर जळगावात आमचं एकच असेल. नवीन माणूस आला की विचारतो, हे कशाला? मी म्हणतो, डोकं लागू नये म्हणून. तो चौकटीकडे बघतो, माझ्या डोक्याकडे बघतो, मधे चांगली हातभर जागा. मग बायको गेल्यापासून म्हातारं जरा हललंय असं समजून गप बसतो. मीही समजावत बसत नाही.

ते गोणपाट आमच्या हिनं ठोकलं. ही म्हणजे माझी बायको. या माघात तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी रडलो नाही असं भाऊबंद सांगत फिरतात. त्यांच्यासमोर रडलो नाही, एवढंच खरं. मी चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म टेम्पो चालवला. लिहायला बसलोय ते तिच्याबद्दल, पण तिच्याबद्दल लिहायचं तर त्या बास्केटबॉलवाल्या लांब्याला बाजूला ठेवता येत नाही. तो या घरात राहावा, एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात हट्टानं धरली. साडी, दागिना, यात्रा, कशाचा हट्ट नाही. हा एकच.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी तेव्हा एका डाळ मिलचा टेम्पो चालवायचो. जळगावहून तूरडाळ नाही तर हरभऱ्याची डाळ भरायची, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरवायची, येताना मिळेल ते भाडं आणायचं. कॉलेजचे खेळाचे सर ओळखीचे होते. संघाला सामन्यांसाठी धुळ्याला न्यायचं झालं की त्यांना माझी हमखास आठवण यायची. कारण मी पोरांना डाळीच्या पोत्यांवर बसवून न्यायचो आणि मालकाला सांगायचो नाही.

एक दिवस सर एका पोराला घेऊन आले. पोरगं कसलं, विजेचा खांब. संघात त्याला लांब्या म्हणत, तेच आम्हीही म्हणायला लागलो.

"याला खोली द्या," सर म्हणाले. "वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यांची कल्याणला बदली झाली. हा त्यांच्यामागे गेला तर माझा संघ गेला समजा."

आमची मागची खोली रिकामी होती. लांब्या आत शिरला, चौकट कपाळाला बसली. सॉरी म्हणून बाहेर आला, पुन्हा बसली. आवाज ऐकून ही स्वयंपाकघरातून आली.

"घर पाडी टाकशी का रे भाऊ?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं गोणपाटाची चौपदरी घडी केली आणि चौकटीला खिळ्यांनी ठोकली. गोणपाट माझ्याच टेम्पोतलं.

त्याचं नाव कुठल्या तरी पैगंबराचं, आडनाव कोकणातल्या गावाचं, आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. माझा मेळ बसेना. मला आडून विचारता येत नाही. मी सरळ विचारलं, "कोण लोक म्हणायचे तुम्ही?"

"ज्यू. बेने इस्राएल म्हणतात आम्हाला."

"म्हणजे ख्रिश्चन?"

"नाही काका."

"मुसलमान?"

"नाही. त्या दोघांच्याही आधीचे."

"मग इकडे कसे?"

"फार पूर्वी आमच्या लोकांचं जहाज कोकणात फुटलं म्हणतात. तिथंच राहिले, तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावचे लोक शनवार तेली म्हणायचे."

"मग तेली म्हण ना सरळ," मी म्हटलं. तेल्यांची घरं आमच्या गल्लीत होतीच. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

हिचा संपला नव्हता. तिला खाण्यापिण्याचं विचारायचं होतं. लांब्यानं सांगितलं, डुकराचं मांस चालत नाही. ही म्हणाली, इथं कोण खातं? तो म्हणाला, कोळंबी, खेकडे चालत नाहीत. ही म्हणाली, जळगावात येतात कुठून? तो म्हणाला, मटणाबरोबर दूध-दही चालत नाही. यावर ही म्हणाली, "मटणावर दूध पिणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तुझा धर्म सोपा शे रे भाऊ."

एक गोष्ट सांगायची त्या दिवशी लांब्याकडून राहून गेली. ती पुढे येईल.

तो शुक्रवारी संध्याकाळी खोलीत दोन दिवे लावायचा आणि उजवीकडून डावीकडे जाणारं पुस्तक वाचायचा. मी विचारलं, शनिवारी काम करायचं नाही म्हणतोस, मग शनिवारच्या मॅचचं काय? तो म्हणाला, "काका, खेळ म्हणजे काम आहे का?" माझा टेम्पो शनिवारीही चालायचा, तेव्हा मी जास्त खोलात गेलो नाही. मला तो काका म्हणायचा, हिला मावशी. काकाची बायको मावशी कशी, असं मी एकदा विचारलं. ही म्हणाली, "तुम्हना काय जास? म्हनू द्या."

आणि जेवायचा म्हणजे बघत राहावं. वरण-बट्टीच्या दिवशी ही परातभर बट्ट्या करायची आणि तो खाली मान घालून त्या परातीचा तळ गाठायचा. वांग्याच्या भरताला तर तो मधे बोलायचाच नाही. आमच्या घरात तोवर ताटांचा असा आवाज नव्हता. आमचं एक झालं होतं, मुलगा. नाव ठेवायच्या आत गेला. पुढे झालं नाही. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही, इथंही बोलत नाही.

आता त्याचा खेळ. बास्केटबॉल मला पहिल्या दिवशी येडपट वाटला. उंचावर टोपली लावायची, तिला खालून भोक ठेवायचं, आणि मग दहा माणसांनी घाम गाळून तीत बॉल टाकत बसायचं. भरायचीच नाही तर टोपली कशाला? पण धुळ्याच्या सामन्यांना टेम्पोच्या टपावर बसून मी बघायला लागलो आणि मला गोडी लागली. लांब्या बाकीच्यांसारखा पळायचा नाही. टोपलीखाली जाऊन उभा राहायचा, म्हशीनं पाण्यात उभं राहावं तसा निवांत. दोन जण त्याला ढकलायचे, तो हलायचा नाही. बॉल हातात आला की पाठ टोपलीकडेच ठेवून डाव्या हातानं मागच्या मागे सोडायचा. बॉल आत. धुळ्याची पोरं ओरडायची, "ए खांब, दिवा लाव." तो दिवा लावायचा.

दुसऱ्या वर्षी त्याला विद्यापीठाच्या संघात घेतलं. पेपरात फोटो आला, त्यात सगळ्यांची डोकी होती, हा मात्र फक्त हनुवटीपर्यंत. वरचं छापायला जागा पुरली नाही. हिनं तो तसाच कापून देवघराशेजारी चिकटवला. "डोकं मी रोज बघते," म्हणाली.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात कल्याणहून त्याचे आईवडील आले. साधी माणसं. वडील माझ्यासारखेच कमी बोलणारे. त्यांचं इस्राएलला जायचं ठरलं होतं, कायमचं. त्यांचे भाऊ, बहिणी, सगळे आधीच गेले होते. दिवाळीच्या आत निघणार होते. लांब्याला जायचं नव्हतं. त्याला खेळायचं होतं, आणि इथंच. शेवटी वडील म्हणाले, "नोकरी लागली तर राहा. नाही लागली तर आमच्याबरोबर चल. रिकामा तुला इथं सोडून मी जाणार नाही." बापाच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

नोकरीची वाट एकच होती. एका बँकेला आपल्या संघासाठी खेळाडू पाहिजे होते, आणि धुळ्याच्या फायनलला त्यांचे साहेब बघायला येणार होते. लांब्या साहेबांच्या डोळ्यांत भरला तर तो राहणार, नाही भरला तर जाणार. हे आईवडिलांनी आमच्याच ओट्यावर बसून सांगितलं. ही दारात उभी राहून ऐकत होती. चहा द्यायची विसरली.

त्याच श्रावणात आमची कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसवतात. नारळाला नथ घालायची, नवं लुगडं नेसवायचं, रात्र गाण्यात जागवायची आणि सोमवारी नदीवर न्यायची. त्या दिवशीच्या पुरणपोळ्यांना रोट म्हणतात, आणि रोटाचा कायदा कडक. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं घरची बाई सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ धरते. त्यातनंच रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे. लेक लग्न होऊन गेली की तिलाही मिळत नाहीत, तिथं परक्याची काय कथा. फेकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. आणि आमच्या घरी ज्याचा वाटा शिल्लक राहील त्याचं काम अडतं असं मानायचे.

आमच्या कुळाची कानबाई माझ्या थोरल्या भावाकडे, पारोळ्याजवळच्या गावी बसते. भावाला सगळे नाना म्हणत. गहू धरायला ही बसली होती. नानाची बायको, म्हणजे हिची जाऊ, शेजारी बसून नावं घेत होती. नानाचं झालं, त्याच्या पोरांचं झालं, माझं झालं. सुपातले हात थांबायला पाहिजे होते. हिनं आणखी एक सव्वा मूठ घातली.

"हाई मूठ कोनी वं?" जावेनं विचारलं.

"मन्हा घरना पोऱ्यानी."

"कोनता पोऱ्या?"

"लांब्या."

जावेनं कपाळाला हात लावला आणि नानाला हाक मारली. नाना आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तो तेली शे ना रे?"

"शनवार तेली," मी म्हटलं.

"शनवार असू दे नहीतं रविवार. भाऊबंद शे का तो आपला?" मग हिला म्हणाला, "काढ ती मूठ बाहेर."

हिनं गव्हाचं सूप त्याच्यापुढे सरकवलं. "कोनता दाना तेना शे, दाखाडा. काढी टाकस."

नाना सुपाकडे बघत राहिला. गहू सगळे सारखेच. नाना भांडखोर होता पण खोटा नव्हता. बराच वेळ मिशी चोळून म्हणाला, "पडनी ती पडनी. पन ध्यानमा ठेव, एकदा धरा म्हंजे तो जित्ता शे तोवर दर साल धरना पडी."

"माले माहीत शे," ही म्हणाली. तिला नेमकं तेच पाहिजे होतं.

येताना टेम्पोत मी विचारलं, "हे काय केलंस?" ती म्हणाली, "रोटात धरलेला माणूस घरचा होतो. घरचा माणूस इस्राएलला कशाला जाईल?" मी म्हटलं, "बँकेचे साहेब रोट विचारतात का?" त्यावर ती खिडकीतून पारोळ्याचा किल्ला बघत बसली. लग्नानंतर शेकडो वेळा पाहिलेला किल्ला.

घरी आल्यावर तिनं लांब्यापुढे त्याच्या वाट्याचे रोट ठेवले, वर तूप सोडलं. लांब्यानं ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि सांगायची राहिलेली गोष्ट तेव्हा सांगितली.

"मावशी, रागावू नका. देवापुढं ठेवलेलं मी खात नाही. आईनं लहानपणापासून सांगितलंय, माणसानं वाढलेलं कुणाचंही खा, नैवेद्याचं खाऊ नको."

"वाढलं तर मीच ना?"

"तुम्हीच. पण आधी कानबाईपुढं."

"मग तिच्यापुढं ठेवायच्या आधी काढू का पुढच्या वर्षी?"

"तसं चालतं?"

"नाही चालत," ती म्हणाली आणि खाली बसली. एकीकडे त्याची आई, एकीकडे तिची कानबाई. दोघींतल्या कुणाला दुखवायची तिची हिंमत होईना. आणि वाटा तर संपायलाच पाहिजे, नाही तर पोराचं काम अडणार. तिनं बराच विचार केला. मग ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"मी जेवलोय," मी म्हटलं.

"रोटातले दोघंच पुरुष या घरात. एक खात नाही. उरलं कोण?"

फायनल त्याच आठवड्यात होती. तोवर मी माझा वाटा, त्याचा वाटा, सकाळ, संध्याकाळ, चहाबरोबर, वरणाबरोबर खात होतो. लांब्या समोर बसून बाजरीची भाकरी खायचा आणि म्हणायचा, "काका, माझ्यासाठी एवढं करताय." त्याला हसू आवरायचं नाही. मला ढेकर आवरायचा नाही.

धुळ्याला ही आमच्याबरोबर आली, आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला. संघ मागे पोत्यांवर, ही माझ्या शेजारी, मांडीवर फडक्यात बांधलेले उरलेले रोट. पारोळ्याला चहाला थांबलो तिथं तिनं मला दोन चारले. गाडीत मागून पोरं विचारत होती, "मावशी, आम्हाला पण द्या ना." ती म्हणाली, "तुमच्या घरी मागा." एक रोट शिल्लक राहिला. मी म्हटलं, आता गळ्यापर्यंत आलंय, परतीला खातो.

मॅच सुरू झाली. पहिल्या हाफमध्ये लांब्याचं काही जमेना. बॉल हातातून निसटायचा. डावा हात मागे जायचा, बॉल कडेला आपटून बाहेर यायचा. बँकेचे साहेब खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. धुळ्याची पोरं ओरडत होती, "खांब, फ्यूज उडाला का?" हिला नियम कळत नव्हते, पण हरलेला माणूस कळत होता.

"बॉल आत ऱ्हात का नही?" तिनं विचारलं.

"राहायचाच नसतो. जायचा असतो."

"मग जात का नाही?"

हाफ टाइमला तिनं फडकं सोडलं. "खा," म्हणाली.

"इथं?"

"वाटा शिल्लक शे. म्हनीसनी पोऱ्यानं काम अडेल शे."

मी त्या गर्दीत, कॉलेजच्या पोरापोरींत, उभ्यानं कोरडा रोट खायला लागलो. पाणी नाही. दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा माझ्या तोंडात निम्मा होता. लांब्या टोपलीखाली जाऊन उभा राहिला. बॉल आला, डावा हात गेला, आत. मी चावतोय. पुन्हा आला, पुन्हा आत. हिनं माझ्या दंडाला धरलं, "थांबू नका." मी चावत राहिलो. पोरं बेभान झाली होती, सर आपलीच टोपी तुडवत होते, आणि मी दुसरीकडे बघून गिळायचा प्रयत्न करत होतो. शेवटचा घास उतरला तेव्हा शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो. सगळे धावत लांब्याकडे गेले. मी पाण्याच्या टाकीकडे.

त्याची नोकरी झाली. साहेबांनी विचारलं, बसून काम जमेल का? तो म्हणाला, टेबल उंच असलं तर जमेल. घरी येताना मी म्हटलं, पोरगं दुसऱ्या हाफमध्ये शांत डोक्यानं खेळलं म्हणून जिंकलं. रिकामं फडकं झटकून तिनं खिडकीबाहेर धरलं, ते पारोळ्यापर्यंत फडफडत होतं. पुढे कुणीही लांब्याच्या खेळाचं कौतुक केलं की ती म्हणायची, "खाल्लं यांनी."

आईवडील गेले, लांब्या राहिला. धुळ्याच्या शाखेत लागला आणि बँकेच्या संघातून खेळायला लागला. शनिवार पाळणं बँकेपुढं चाललं नाही; त्या दिवशी दुपारी बँक सुटली की बसनं जळगावला यायचा, रविवारी भरीत खाऊन जायचा. कपाटावर कप वाढत गेले. हिनं एकात मोहरी ठेवली, एकात खिळे. दर श्रावणात ती त्याच्या नावाची सव्वा मूठ धरायची, नाना दरवर्षी "धरी ऱ्हायनी का?" विचारायचा, आणि मी खायचो. लोकांना वाटतं खेळाडूचं करिअर त्याच्या गुडघ्यावर असतं. याचं माझ्या पोटावर होतं.

गुडघ्यावरही होतंच. नव्वदनंतर एकदा पडला आणि उजवा गुडघा गेला. खेळ सुटला. बँकेत काउंटरवर बसायला लागला. म्हाताऱ्या बाया दुसरी रांग सोडून त्याच्याच रांगेत उभ्या राहायच्या, कारण तो न उठता वरच्या फळीवरची पासबुकं काढायचा. तो म्हणायचा, "काका, उंचीचा शेवटी एवढाच उपयोग." पण दुःखी नव्हता. हीसुद्धा खूश. खेळ सुटला तरी पोरगा इथं होता.

मग मिलच्या ऑफिसात फोन आला. लांब्याचे वडील तिकडे वारले. दफन झालं होतं, जाऊन उपयोग नव्हता. लांब्या धुळ्याहून आला, मागच्या खोलीत गेला, शर्टाची कड फाडली आणि जमिनीवर बसला. आठवडाभर तसंच बसायचं असतं त्यांच्यात. हिनं पाटसुद्धा दिला नाही, कारण त्यानं नको म्हटलं. ती रोज उकडलेली अंडी आणि वरणभात नेऊन ठेवायची आणि दाराशी, बाहेरच्या बाजूला, स्वतः जमिनीवर बसायची.

एकदा तिनं विचारलं, "तुझं ते पुस्तक का वाचत नाहीस?"

"वाचतो मावशी. पण मुलानं बापासाठी म्हणायची जी प्रार्थना असते, ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात."

"दहा ना? तुझी जुनी टीम बोलवते. पाच ते, हे, सर, नानाची पोरं... दहा सहज होतील."

लांब्या त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. "आमचेच लागतात, मावशी. इकडे आम्ही तीन जण आहोत, त्यात एकाला ऐकू येत नाही. बाहेरचं माणूस मोजत नाहीत. तुमच्या रोटासारखंच आहे."

ही उठली आणि आत गेली. मला वाटलं भात उतू गेला असेल. तिनं चूलही पेटवली नव्हती. नुसती उभी होती.

त्यानंतर कितीतरी दिवस ती गहू निवडता निवडता मधेच मागच्या खोलीकडे बघायची. एका दुपारी सूप खाली ठेवून म्हणाली, "आपण त्याला आपल्या रोटात धरला. पण तेना रोटमा तेले कोन धरी?"

मी म्हटलं, "जाऊ दे, झाली ना आता इतकी वर्षं."

"जाऊ दे नाही," ती म्हणाली. "तो इथं एकटा मेला तर त्याला दहा माणसं कुठून आणाल? टेम्पोत घालून आणाल?"

पुढच्या शनिवारी लांब्या आला तेव्हा तिनं त्याला पोटभर बट्ट्या वाढल्या आणि सांगितलं, "आता तू जाय. आईकडे. लग्न कर, आपल्या माणसांत राहा."

लांब्यानं हातातली बट्टी ताटात ठेवली. "मावशी, तुम्हीच तर ठेवून घेतलं होतं."

"ठेवलं होतं ना मी? मग पाठवायचं पण मीच."

"आणि मूठ?"

"ती मी धरेन. तू जित्ता आहेस तोवर. नानानं बजावलंय."

मी मधे पडलो नाही. त्या दोघांच्या मधे माझी जागा फक्त ताटावर होती.

तो गेला त्या दिवशी चौकटीखाली सवयीनं वाकला, तरी वर हात लावून गोणपाट चाचपून बघितलं. स्टेशनवर ही रडली नाही. घरी आल्यावर मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि संध्याकाळी उघडलं. मी भात टाकला होता. कच्चा राहिला होता. आम्ही खाल्ला.

तिकडे तो शाळेतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवायला लागला. लग्न झालं, मुली झाल्या, लांबच लांब. दर श्रावणात फोन करायचा. आधी मावशीशी बोलायचा, मग मला विचारायचा, "काका, माझा वाटा?" मी म्हणायचो, "खाल्ला." "कसा होता?" "तुझ्यासारखा. संपता संपेना." ही शेजारी उभी राहून ऐकायची आणि फोन ठेवला की म्हणायची, "आवाज जाड झालाय पोराचा. तूप जास्त खातोय."

ती गेली तेव्हा नानाच्या पोरानं त्याला कळवलं. लांब्याचा फोन आला. बराच वेळ नुसता फोन चालू होता.

पहिल्या वर्षी सुतकामुळे कानबाई बसवली नाही. गेल्या श्रावणात बसवली. नाना आता नाही, त्याच्या मुलाची बायको गहू धरायला बसली. नावं घेत घेत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. "आबा, त्या इस्राएलवाल्यांची मूठ धरायची का? काकू होत्या तोवर ठीक होतं."

"धर," मी म्हटलं. "तो जित्ता आहे."

तिनं धरली. हिची मूठ लहान होती, बांगड्यांत अडकायची. या पोरीची मूठ चांगली भरदार. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मला कमी खायला लागलं ते का.

रोट घेऊन घरी आलो. डॉक्टरनं साखर बंद केलीय, पण डॉक्टर आमचा भाऊबंद नाही. ताटात घेऊन बसलो तेवढ्यात लांब्याचा फोन.

"काका, माझा वाटा?"

"खातोय. यंदा मोठा आहे. मूठ बदलली."

मग म्हणाला, "काका, एक सांगायचं राहिलं. माघात मावशीला वर्ष झालं ना, तेव्हा मी आमच्या प्रार्थनेच्या जागी गेलो होतो. दहा जण जमले. मी तिच्यासाठी ती प्रार्थना म्हटली."

"तिच्यासाठी? ती तुमच्यातली नव्हती."

"म्हणणारे दहा आमच्यातले पाहिजेत. कुणासाठी म्हणायची, ते नाही विचारत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोण होती? मी मावशी म्हटलं. पुढे कुणी काही बोललं नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, उगीच. आमच्या रोटात बाईचं नाव धरत नाहीत. ती जन्मभर सगळ्यांच्या मुठी धरत बसली, तिच्या नावाची मूठ कुठल्याच सुपात पडली नाही. मला हे कधी सुचलंही नव्हतं. तिलाही नसेल. आणि तिकडे, मी कधी न पाहिलेल्या गावात, दहा अनोळखी पुरुष तिच्या एकटीसाठी उभे राहिले.

"काका, आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "तोंडात घास आहे."

"मग खाऊन घ्या. शिल्लक ठेवू नका."

"नाही ठेवत," मी म्हटलं, आणि संपवला.